डाव्या चाकातलं खारं पाणी

खाडीच्या तोंडाशी असलेल्या त्या वाडीला रोज सकाळी परशुराम मयेकराचा कंप्रेसर जागं करायचा. आधी घरघर, मग धडधड, मग बराच वेळ फुसफुस आणि शेवटी परशुरामाने ट्रॅक्टरच्या डाव्या मागल्या चाकाला मारलेली लाथ. लाथ मारली की हवा कळते अशी त्याची समजूत होती. मग तो अंगणात कंबरेवर हात ठेवून, रस्त्याने जाणाऱ्या पहिल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, "झाला दगड." दुपार कलेपर्यंत तो दगड मऊ पडायचा आणि दुसऱ्या सकाळी चाक जमिनीवर फतकल मारून बसलेलं असायचं.

त्याची बायको कुसुम मागच्या पडवीत भाकऱ्या थापताना हे सगळं ऐकायची. पुढे येऊन बघायची नाही. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. घागरीला भोक पडलंय म्हणून जो माणूस रोज विहिरीच्या फेऱ्या वाढवतो पण घागर उलटी करून बघत नाही, त्याच्याकडे बघून काय करायचं, असं तिच्या मनात यायचं आणि हातातली भाकरी जरा जास्तच जोराने तव्यावर पडायची.

कुसुम मूळची इकडची नव्हे. तिचं लहानपण अलोऱ्याला गेलं, कोयनेच्या प्रकल्पाच्या वसाहतीत. वडील, म्हणजे अण्णा, तिथल्या गॅरेजात होते आणि त्यांच्याकडे काम एकच, गाड्यांची चाकं बघणं. मोठ्या गाड्या घाटातून लोखंड आणि सिमेंट घेऊन यायच्या. त्या बाहेर पडायच्या आधी अण्णा प्रत्येक चाकापाशी उकिडवे बसायचे, व्हॉल्व्हचं टोपण काढून हवा मोजायचे, मग बोटाला थुंकी लावून ते बोट व्हॉल्व्हच्या तोंडावर धरायचे. बुडबुडा आला की गाडी तिथेच उभी. ड्रायव्हर चरफडायचे, साहेब लोक घड्याळ दाखवायचे, पण अण्णा हलायचे नाहीत. भसकन बसतं ते चाक बरं, ते निदान सांगून बसतं, थोडं थोडं बसणारं चाक घात करतं, असं ते म्हणायचे. शाळा सुटल्यावर कुसुम त्या गॅरेजात जाऊन बसे. टायरच्या आतून जुनी चिंधी फिरवली की जिथे काटा असेल तिथे ती अडकते, ट्यूब फुगवून हौदात दाबली की भोक आपणहून बोलतं, रिमवर गंजाचे पापुद्रे राहिले तर ते आतून ट्यूब खातात, हे तिला अशा वयात कळलं की ज्या वयात तिच्या मैत्रिणींना रांगोळीचे ठिपके कळत होते. त्याचं तिला कौतुक वाटलं नाही. चूल सारवावी तसं हे एक काम, आणि ते नीट करायचं असतं, एवढंच.

मग लग्न झालं ते बोटीवरच्या माणसाशी. परशुराम वर्षातले थोडे महिने घरी असायचा, आणि तेवढ्यात तो बरा वाटायचा. परदेशी साबण आणायचा, गोष्टी सांगायचा. वाडीत त्याने सांगून ठेवलं होतं की बोटीवर आपण जवळजवळ ऑफिसरच. कुसुमला लग्नानंतर बऱ्याच उशिरा, त्याच्याच एका सोबत्याच्या तोंडून, कळलं की त्याचं काम गंज खरवडण्याचं होतं. हातोडी आणि पत्रा घेऊन डेकवर बसायचं, गंज काढायचा, तांबडा रंग मारायचा, वर दुसरा रंग मारायचा आणि पुढे सरकायचं. बोटीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीला पुन्हा गंज धरलेला. यात लाजण्यासारखं काय, हे तिला कळलं नाही. बोट तरंगते ती त्या कामावर. पण नवऱ्याला त्या कामाची लाज वाटते हे तिने ओळखलं आणि तिथे तिच्या मनातून तो पहिल्यांदा एक पायरी उतरला. पुढे कंपनीने त्याला बोलावणं बंद केलं. मीच सोडली नोकरी, असं त्याने वाडीला सांगितलं. आणखी एक पायरी.

जमवलेल्या पैशांतून त्याने ट्रॅक्टर घेतला. वाडीत आणि आजूबाजूला ट्रॅक्टरला काम भरपूर होतं. पावसाळ्यात भातखाचरांची चिखलणी, एरवी चिऱ्याच्या खाणीवरून दगड ओढणं, आणि मे महिन्याच्या शेवटी, मासेमारी बंद व्हायची वेळ आली की, होड्या किनाऱ्यावर वर ओढून घेणं. परशुरामाने ट्रॅक्टरला नव्या नवरीसारखं सजवलं. पुढे लोकरीचे गोंडे, सीटवर मखमल, पाच सुरांचा भोंगा, मागे दोन डोळे रंगवलेले. एवढ्या सगळ्यात चारी चाकांच्या व्हॉल्व्हवर टोपण मात्र एकालाही नव्हतं. होती ती हवा भरताना काढली आणि कुठे ठेवली ते विसरला. कुसुमने पहिल्याच आठवड्यात ते बघितलं. तिने बाजारातून टोपणं आणून चौकटीवर ठेवली. ती तिथे धूळ खात पडली.

पहिल्याच पावसात चिखलणी करताना मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. कोणीतरी सांगितलं की मागच्या चाकांत पाणी भर, वजन येईल, पकड येईल. सल्ला बरोबर होता, तसं करतात. पण विहिरीचं पाणी वाहून आणायचा कंटाळा, आणि खाडी अंगणाच्या टोकाला. परशुरामाने मोटार खाडीत टाकली आणि ट्यूबमध्ये पाणी भरायला घेतलं. कुसुम पडवीतून पुढे आली आणि म्हणाली, "खारं पाणी हाय ते."

"मग?" परशुराम म्हणाला. "बोटी काय गोड्या पाण्यात चालतात? जन्म गेला माझा खाऱ्या पाण्यावर. तू मला शिकवतेस?"

कुसुमने त्याच्याकडे पाहिलं. ज्याचं अर्धं आयुष्य खाऱ्या पाण्याने धरलेला गंज खरवडण्यात गेलं, तो माणूस हे बोलत होता. तिला हसू आलं नाही, रागही आला नाही. आत काहीतरी थंड होऊन बसलं. एकदा सांगितलं, आता दुसऱ्यांदा नाही, असं तिने ठरवलं आणि ती आत निघून गेली. या ठरवण्यात तिला एक प्रकारचं समाधान वाटलं, आणि ते पुढे बराच काळ पुरलं.

चाक बसायला लागलं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. आधी आठवड्याने हवा भरावी लागे, मग दोन-चार दिवसांनी, मग रोज. परशुरामाने दोष द्यायला सुरुवात केली. आधी करवंदीच्या काट्याला. मग खाणीच्या वाटेवरच्या चिऱ्याच्या कपच्यांना. मग टायर बनवणाऱ्याला. मग शेजाऱ्यांच्या नजरेला, आणि त्यासाठी पुढे लिंबू-मिरची लटकली. ती लटकली उजव्या बाजूला, कारण डावीकडे बांधायला जागा नव्हती. शेवटी त्याने देवळात गुरवाकडून गाऱ्हाणंसुद्धा घातलं, ट्रॅक्टरच्या चाकाची पीडा टळू दे म्हणून. देवीने ते कोणत्या तोंडाने ऐकून घेतलं असेल, याचा कुसुमने स्वयंपाक करता करता विचार केला.

तिठ्यावर दर्शनचं पंक्चरचं दुकान होतं. मुंबईला एका पंपावर काम करून आलेला तिशीतला माणूस, एका हातात कायम मोबाईल. परशुराम त्याला बोलावून आणायचा. दर्शन चाक उचलायचा, टायरची एकच बाजू रिमवरून उतरवायचा, ट्यूबचा हाताला लागेल तेवढा भाग ओढून त्यावर चिकटपट्टी मारायचा आणि बसवून द्यायचा. रिम आतून बघायची म्हणजे पाणी सगळं काढावं लागतं, टायर पूर्ण उतरवावं लागतं, अर्धा दिवस जातो. ते त्याने कधी सुचवलं नाही आणि परशुरामाने विचारलं नाही. एक आळशी आणि एक शहाणा, दोघांचं छान जमलं होतं. मग दर्शननेच एक औषध दिलं, बाटलीतलं, ट्यूबमध्ये ओतलं की भोकं आपोआप बुजतात म्हणे. परशुरामाने ती बाटली चारचौघांना दाखवून ओतली. चाक दुसऱ्या दिवशीही बसलंच.

एका दुपारी परशुराम जेवून घोरत असताना कुसुम साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन ट्रॅक्टरपाशी गेली. डाव्या चाकाचा व्हॉल्व्ह नेमका वर आलेला होता. तिने फेस व्हॉल्व्हवर लावला. बारीक बारीक बुडबुडे वर येऊन फुटत राहिले. व्हॉल्व्हचं पितळ हिरवं पडलं होतं, आणि तो जिथे रिममधून बाहेर येतो त्या भोकाभोवती तांबडं वर्तुळ धरलं होतं. वर्तुळातून एक तपकिरी ओघळ रिमवर खाली गेला होता. तिने नखाने खरवडलं तर पापुद्रा सुटून हातात आला. म्हणजे रोग साधा नव्हता. व्हॉल्व्हातून खारं पाणी झिरपून ट्यूब आणि रिमच्या मधे गेलं होतं, होड्या ओढताना समुद्राचंही आत शिरलं होतं, रिम आतून सडत होती आणि तिचे पापुद्रे ट्यूबला घासत होते. पट्ट्या मारून यातलं काही थांबणार नव्हतं. आणि रोज थोड्या हवेवर चालवल्यामुळे टायर रिमवर सरकत होतं, हे व्हॉल्व्ह तिरपा झाला होता त्यावरून दिसत होतं. अण्णांनी ही गाडी गेटाबाहेर जाऊ दिली नसती.

कुसुमने वाटी विसळली आणि ती घरात गेली. संध्याकाळी परशुराम कुणालातरी सांगत होता की यात टायरवाल्यांची लबाडी आहे, आपण बोटीवर सगळं बघितलंय. ती ऐकत बसली. तिला माहीत होतं आणि त्याला माहीत नव्हतं, आणि त्या फरकाची चव तिला आवडायला लागली होती. रोज सकाळी कंप्रेसर घरघरला की ती चव ताजी व्हायची.

त्या मेच्या अखेरीस किनाऱ्यावर होड्यांची रांग लागली. वारं फिरलं होतं आणि समुद्र गढूळ होऊ लागला होता. धाकूची होडी त्या सकाळी वर घ्यायची ठरली होती. धाकू वाडीतला जुना माणूस, साठी उलटलेला, आणि कुसुम सून म्हणून आली त्या दिवसापासून तिला 'बाय' म्हणणारा. त्याची बायको येसूबाई कुसुमच्या शेजारची. दोघीजणी त्या सकाळी किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी गोळा करत होत्या.

पहाटेपासून वाडीत वीज नव्हती, म्हणून कंप्रेसर चालला नव्हता. परशुराम ट्रॅक्टर तसाच घेऊन आला. डावं चाक वाळूवर पसरलं होतं, आणि त्याच्या बाजूला रबराची घडी पडलेली लांबूनसुद्धा दिसत होती. धाकूने विचारलं की परशा, हवा कमी दिसते. वाळूत हवा कमीच लागते, असं परशुरामाने उत्तर दिलं. हे अर्धं खरं होतं, आणि परशुरामाच्या तोंडून निघालेलं अर्धं खरं नेहमी चुकीच्या अर्ध्यावर उभं असायचं. कुसुमने चाक पाहिलं. व्हॉल्व्ह आता इतका तिरपा झाला होता की त्याचं तोंड रिमला टेकलं होतं. तिच्या मनात आलं, आज फसणार. सगळ्या वाडीसमोर फसणार. तिने मासळीच्या टोपलीवर फडकं टाकलं आणि बघत उभी राहिली.

दोर बांधला गेला. होडीखाली ओंडके घातले होते, ती त्यांच्यावरून वर सरकणार होती. दोन्ही बाजूंना माणसं, आणि मागचा ओंडका काढून पुढे घालायला धाकू. परशुरामाने भोंगा वाजवला आणि ट्रॅक्टर ओढायला लागला. होडी हलली, दोन ओंडके चढली. चढ लागला तसा ट्रॅक्टरने जोर लावला, आणि रिम टायरच्या आत गर्रकन फिरली. व्हॉल्व्ह मुळापासून तुटला. तांबड्या पाण्याची चिळकांडी वाळूवर उडाली आणि ट्रॅक्टर डाव्या अंगाला कोसळल्यासारखा बसला. दोर सैल पडला. होडी आली तशी मागे घसरली आणि एका बाजूला कलली. धाकू वाकून ओंडका सरकवत होता. त्याला बाजूला होता आलं नाही.

लोकांनी खांदे लावून होडी उचलली. धाकूचा पाय गुडघ्याखाली वेडावाकडा झाला होता. तो ओरडला नाही, फक्त येसूबाईचं नाव घेत राहिला. जीपमध्ये घालून त्याला रत्नागिरीला नेलं. शेजारच्या गावातून ट्रॅक्टर आणून परशुरामाचा ट्रॅक्टर भरतीच्या रेघेवर ओढून ठेवला, आणि डावं टायर वाळूत तसंच लोळत राहिलं.

संध्याकाळपर्यंत परशुरामाकडे कारणं तयार होती. दोर जुना होता. ओंडके ओले होते. धाकूने तिथे उभं राहायला नको होतं, म्हाताऱ्या माणसाने कशाला पुढे पुढे करायचं. दुकानाच्या फळीवर बसून तो हे सांगत होता आणि लोक मान हलवत होते, कारण त्यांची चिखलणी अजून व्हायची होती आणि वाडीत दुसरा ट्रॅक्टर नव्हता. कुसुमने हे येता-जाता ऐकलं. नवऱ्याबद्दल तिला जे वाटायचं ते सगळं तिथे खरं ठरत होतं. तरी त्या संध्याकाळी तिला ती चव लागली नाही.

दोन दिवसांनी येसूबाई कपडे न्यायला घरी आली तशी कुसुम तिच्याकडे पेज घेऊन गेली. धाकूच्या पायात सळी घातली होती. आता चालेल, पण होडीवर उभा राहील असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. येसूबाई पिशवीत लुगडी भरत होती. कुसुमने सुरुवात केली की आमच्या ह्यांनी चाक बघायला हवं होतं, मी कितीदा मनात म्हटलं.

येसूबाईने हात थांबवला. "परशा काय, तो असाच. त्यान काय केलान ते सगळ्या गावान बघितलान," ती म्हणाली. "पण तू चाकाकडे बघत होतीस. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. तुला ठाऊक होतं, बाय."

येसूबाईने पेजेचं भांडं घेतलं, आत नेऊन ठेवलं, आणि पिशवी उचलून गाडीसाठी बाहेर पडली. ती रडलीही नाही आणि शिव्याही घातल्या नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कुसुमला वाटत राहिलं. घरी येऊन ती पडवीत बसली. चाकाला रोज लाथ मारणारा नवरा आणि रोज त्या लाथेचा आवाज ऐकून ओठ मुरडणारी आपण. एवढा सगळा तिरस्कार उराशी धरून तिने केलं काय, तर वाट बघितली. त्याची फजिती होण्याची वाट. आणि फजिती आली ती धाकूच्या पायावर. त्या दिवशी तिला स्वतःची जी किळस आली ती नवऱ्याची कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती तिठ्यावर गेली. दर्शन दुकान उघडत होता. कुसुमने त्याला सांगितलं की सगळी हत्यारं घे आणि चल. त्याने मोबाईलवरून मान वर न करता दुपारी बघू म्हटलं. तेव्हा ती त्याच्या स्टुलावर बसली आणि शांतपणे सांगायला लागली की तू किती पट्ट्या मारल्यास आणि एकदाही रिम बघितली नाहीस, हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला इथे बसून सांगणार आहे, मला घाई नाही. दर्शनने मोबाईल खिशात घातला.

किनाऱ्यावर तिने आधी माणसं लावून ट्रॅक्टर कठीण जमिनीवर ओढवून घेतला. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावायला लावले, जॅकखाली जाड फळी घालायला लावली, आणि चाक उचलल्यावर आसाखाली लाकडाचे ठोकळे रचल्याशिवाय दर्शनला हात घालू दिला नाही. चाक निघालं. राहिलेलं पाणी वाहून गेलं, चहासारखं तांबडं. टायर दोन्ही बाजूंनी उतरवलं तसं आतून पापुद्र्यांचा ढीग पडला. बाटलीतलं औषध फाटलेल्या दुधासारखं गाठीगाठींनी ट्यूबला चिकटलं होतं. ट्यूबवर पट्टीवर पट्टी, आणि पट्ट्यांच्या मधे गंजाने घासून कागदासारखी झालेली जागा. ती फेकून द्यायची होती. टायरच्या आत कुसुमने चिंधी फिरवली. काटा एकही सापडला नाही. करवंदीवर इतके दिवस उगाच आळ होता. रिमला व्हॉल्व्हच्या भोकाशी बोट जाईल एवढी चीर होती, पण बाकी पत्रा अजून जाड होता. जोड मारून चालली असती, फक्त गंज पार निघायला हवा होता, अगदी चकचकीत लोखंड लागेपर्यंत. दर्शनने तारेचा ब्रश दोन-तीनदा फिरवला आणि झालं म्हणून सांगितलं. कुसुमने ब्रश त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः घासायला बसली. हात भरून आले तरी गंज हटेना.

परशुराम लांब उंडीच्या झाडाखाली उभा राहून बघत होता. लोकही जमले होते, म्हणून तो जवळ येत नव्हता. बराच वेळ तसा गेला. मग तो आला, त्याने तिच्या हातातला ब्रश घेऊन बाजूला ठेवला, दर्शनच्या पेटीतून लहान हातोडी आणि छिन्नी उचलली आणि रिमसमोर मांडी घातली. पहिल्या घावालाच कळलं की हा हात निराळा आहे. छिन्नी तिरपी धरून तो हलके घाव घालत पुढे सरकत होता, आणि गंज करवंटीसारखा सुटून पडत होता. मधेच थांबून तळहात फिरवायचा, जिथे खरखर लागेल तिथे मागे जायचा. जोडाच्या खाचेतला गंज त्याने खिळ्याच्या टोकाने काढला. दुपारच्या उन्हात घाम नाकावरून रिमवर पडत होता आणि तो सदऱ्याच्या बाहीने तो पुसत होता, कारण ओलं राहिलं की पुन्हा धरतं. ऊन उतरेपर्यंत रिम भांड्यासारखी उजळली.

कुसुम त्या हातांकडे बघत बसली. क्षणभर तिला तो माणूस बरा वाटला, पूर्वी सुट्टीवर यायचा तसा. आणि लगेच तिचं डोकं तापलं. याला येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं, वाडीतल्या कुणाहीपेक्षा चांगलं. फक्त चारचौघांत हातोडी घेऊन बसलं तर लोक ओळखतील की बोटीवर हा काय करत होता, म्हणून त्याने चाक सडू दिलं. न येणाऱ्याची कीव तरी करता येते. तिने एवढंच विचारलं, "आधी का नाय केलंत?"

परशुरामाने वर पाहिलं नाही. "तांबडा रंग आण," तो म्हणाला. "दोन हात द्यावे लागतील. मधे सुकू द्यायचा."

बाजारातल्या वेल्डरने चीर बुजवली, रंगाचे दोन हात झाले, नवी ट्यूब आली. बसवण्याआधी दर्शनने तिला शंखजिऱ्याची पूड लावली, म्हणजे ती आत चुणी न पडता सरकते, आणि हे त्याला न सांगता सुचलं म्हणून कुसुमने त्याला चहा दिला. पाणी या वेळी विहिरीचं, घागरींनी वाहून. उजवं चाकही उतरवलं. तिथेही तीच कथा होती, फक्त अजून उघडी पडली नव्हती. पाऊस लागायच्या आत उरलेल्या होड्या वर आल्या. धाकूची सगळ्यांत आधी.

ट्रॅक्टरची किल्ली तेव्हापासून कुसुमच्या कमरेला असते. सकाळी ती चारी चाकांपाशी बसते, हवा मोजते, व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट धरते, टोपण घट्ट करते, होड्या ओढून आल्यावर रिम गोड्या पाण्याने धुतली का ते बघते, आणि मग किल्ली देते. परशुरामाने पहिले काही दिवस तोंड फिरवून घेतलं. मग दुकानाच्या फळीवर तो लोकांना सांगू लागला की ट्रॅक्टरला खारं पाणी कधी घालू नये, रिम दर साल उघडून बघावी, टोपणाशिवाय व्हॉल्व्ह म्हणजे झाकणाशिवाय विहीर, हे आपण बोटीवर शिकलो. हसत हसत कोणीतरी ते कुसुमला येऊन सांगितलं. तिला तो माणूस आजही तेवढाच पोकळ वाटतो. पण सांगतो ते तरी आता बरोबर सांगतो, असं म्हणून तिने विषय सोडला.

ती मात्र बदलली, आणि ते वाडीला फारसं रुचलेलं नाही. पूर्वी ओठ मुरडून गप्प बसायची ती आता जे दिसेल ते जिथल्या तिथे बोलते. कुणाच्या टेम्पोचं टायर गुळगुळीत झालं असेल तर रस्त्यात हात आडवा करून थांबवते. होडीचा दोर झिजला असेल तर धन्याच्या तोंडावर सांगते, आणि गोड शब्दांत सांगत नाही. मागच्या शिमग्यात पालखीच्या दांड्याला चीर गेलेली तिने मानकऱ्यांसमोर दाखवली, तेव्हा दोघे-तिघे नाराज झाले. मयेकरणीला तोंड फुटलं, असं बायका विहिरीवर म्हणतात. तिच्या कानावर येतं. येऊ दे, असं तिला वाटतं.

धाकू काठी घेऊन चालतो. होडी त्याने पुतण्याला दिली. भरतीच्या वेळी तो वाळूवर बसून जाळी विणतो आणि होड्या मोजतो. त्याचं खाचर दर पावसात परशुरामाचा ट्रॅक्टर सगळ्यांच्या आधी चिखलून देतो, आणि त्याबद्दल दोन्ही घरांत कोणी काही बोलत नाही. येसूबाई कुसुमशी बोलते, मिठाला, मासळीला, लग्नाकार्याला. किनाऱ्यावरचा विषय तिने पुन्हा काढला नाही, कुसुमनेही नाही. गेल्या पावसात चिखलणी चालू असताना दोघी बांधावर शेजारी उभ्या होत्या. ट्रॅक्टर वळणावर जरा कलल्यासारखा झाला तशी येसूबाईने ट्रॅक्टर सोडून कुसुमच्या तोंडाकडे बघितलं. कुसुमने पदर खोचला, चिखलात उतरली आणि परशुरामाला थांब म्हणून सांगायला खाचरातून चालत गेली.